कारण : विषयांतर

मैत्रेयी आणि आनंद,

हे मराठीत लिहिते आहे. आनंदला वाचायला वेळ लागेल, ते मला माहीत आहे. मैत्रेयीनं त्याला वाचून दाखवावं, पण इंग्रजीत करून सांगू नये. मी तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. इंग्रजीत लिहायचं असतं तर माझं मीच लिहिलं असतं.

आत्ताच का लिहायचं, याला दोन कारणं आहेत. पहिलं मैत्रेयीचं. गेल्या रविवारी फोनवर तू सहज म्हणालीस, "आजी, इथल्या महाराष्ट्र मंडळात एका काकूंनी विचारलं, तुम्ही मूळचे कोण? मी म्हटलं, सांगलीचे. तर म्हणाल्या, तसं नव्हे गं. मग कसं सांगायचं होतं मी?" मी म्हटलं, पूर्ण नाव सांगायचं. त्यावर तू विचारलंस, "सांगितलं की काय होतं?" फोनवर मी काहीतरी बोलून विषय संपवला. दिवसभर स्वतःवरच चिडले. सरळ प्रश्नाला मी कधी असं उत्तर देत नाही.

दुसरं कारण हळद. सांगलीत हळद आली आहे. मार्केट यार्डाकडून वारा आला की वाळत घातलेले कपडे दोनदा झटकावे लागतात, आणि पांढरं काही बाहेर घालायची सोय राहत नाही. गावाबाहेर पडलं की शेताच्या कडेला हळद शिजवायची कायल रटरटत असते. त्या वाफेचा वास डब्यातल्या हळदीसारखा नसतो. कुणी ओल्या मातीत आलं आणि कापूर एकत्र उकळत ठेवावा, तसा काहीसा असतो. बायका शिजलेली हळद पसरत असतात आणि त्यांचे तळपाय घोट्यापर्यंत पिवळे झालेले असतात. महिनाभर ते पाय तसेच राहतात. हा वास आला की मला इतरांसारखी लग्नाची हळद आठवत नाही. मला कीबोर्ड आठवतो.

नव्याण्णव सालची हळद. तुमचा बाबा, म्हणजे आमचा संजय, चारच महिन्यांपूर्वी न्यू जर्सीला गेला होता. दोन हजार साल लागताना सगळे संगणक बिघडणार म्हणून तिकडच्या कंपन्यांना माणसं हवी होती. आम्ही रविवारी फोनवर तीन मिनिटं बोलायचो. त्यातली दोन "ऐकू येतंय का"मध्ये जायची. तिसऱ्या मिनिटात मी "जेवतोस ना" म्हणायची आणि तो "हो" म्हणायचा. एवढ्या शब्दांत मूल कसं आहे ते कळत नाही. मग त्यानंच सुचवलं, "आई, संगणकावर गप्पा मारता येतात. तुला इंग्रजी येतं, टायपिंग येतं, तुला काय अवघड आहे?"

सुजाता पाटील माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्या घरचा हळदीचा व्यापार, आणि वखारीच्या माडीवर तिनं संगणकाचा क्लास काढला होता. खाली पोती, वर चार संगणक. ती दर तासाला ओल्या फडक्यानं कीबोर्ड पुसायची, तरी ज्या कळा जास्त वापरल्या जातात त्या पिवळ्याच असायच्या. ए पिवळी, ई पिवळी. एक्स मात्र स्वच्छ. मी शाळेला जाण्याआधी सकाळी सात ते आठ तिथं जायची. तेव्हा फोनची लाइन मोकळी मिळायची आणि संजयकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ असायची.

गप्पांचा तो प्रोग्राम तुम्हाला दाखवला तर तुम्ही हसाल. चित्र नाही, आवाज नाही, फोटो नाही. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं खालून वर सरकत जायची, आणि उजव्या कडेला त्या क्षणी खोलीत असलेल्यांची नावं. 'खोली' असंच म्हणायचे सगळे. तिरकी रेघ देऊन जॉइन असं लिहिलं, पुढं खोलीचं नाव घातलं की आत. नावही खरं लागत नसे. कुणी 'वडापाव', कुणी 'मुसळधार'. मी 'बाई' घेतलं, कारण शाळेत मला तेवढंच म्हणत. सगळ्या आज्ञा मी वहीत समास आखून उतरवून घेतल्या होत्या. संजय ज्या खोलीत बसायचा ती जगभरातल्या मराठी माणसांची होती. लंडन, दुबई, नागपूर, अमेरिका. मराठीच, पण रोमन अक्षरांत.

माझ्या शेजारच्या संगणकावर सुभेदार आप्पा बसायचे. पलूसकडचे, सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांची मुलगी नवऱ्याबरोबर मस्कतला होती आणि तिच्यासाठी ते रोज पहिल्या एसटीनं यायचे. एका बोटानं, बंदुकीचा घोडा ओढावा तसे टाईप करायचे. पहिल्याच दिवशी ते वैतागून माझ्याकडे वळले.

"आवं बाई, ह्यास्नी काय झालंय? मी इचारतोय, कोन हाय का. तर समदी नुसती हाय, हाय करत सुटल्यात!"

मी त्यांच्या पडद्यावर पाहिलं. त्यांनी नुसतं 'हाय' लिहिलं होतं, एच, ए, वाय असं. आपल्याकडचं 'हाय', म्हणजे आहे. खोलीतल्या वीस जणांनी ते इंग्रजी नमस्कार समजून परत केलं होतं. लंडनच्या एकानं तर त्यांचं स्पेलिंगही सुधारून दिलं होतं. त्या स्पेलिंगचा इंग्रजीत अर्थ होतो वाळलेलं गवत. मी ते सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "म्हंजे मी कडबा टाकलाय व्हय खोलीत? मग खाऊ द्या की!"

मी हसले, आणि मग सवयीनं म्हणाले, "आप्पा, आहे लिहा ना. म्हणजे घोटाळा होणार नाही."

"न्हाई," आप्पा म्हणाले. "त्येंनी समजून घ्यावं."

हे वाक्य मला लागलं. का लागलं ते सांगते.

मी जन्मले रहिमतपूरजवळच्या एका वस्तीत. वडील रेल्वेत गँगमन होते. छप्पन सालानंतर आमच्या घरानं बौद्ध धर्म घेतला, तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. पुढच्या वर्षी वडिलांनी मला शिकायला साताऱ्याला आपल्या बहिणीकडे, माझ्या आत्याकडे ठेवलं. तिथं वर्गात मी "मी हाय" म्हटलं की गुरुजी हजेरीचा हात थांबवायचे. "हाय नाही. आहे. जिभेला वळण लावा, जिभेवरून घर कळतं." वर्ग हसायचा. त्या वर्षी मी ठरवलं की माझ्या जिभेवरून कुणाला माझं घर कळता कामा नये. आत्याच्या घरामागं उभी राहून मी 'आहे, आहोत, नाही, केव्हा, तेव्हा' घोकायची. इतकं पक्कं घोकलं की पुढं मी स्वतः वर्गावर उभी राहिले तेव्हा त्याच गुरुजींसारखा हात थांबवू लागले. पलूस, तासगाव, मिरजेच्या किती मुलांचं 'हाय' मी लाल शाईनं खोडलं असेल. चांगलं काम करते आहे असं वाटायचं मला. अजूनही अर्धवट तसंच वाटतं. अर्ध्या मनानं मी ते मागं घेते.

तर त्या खोलीत मी जशी शाळेत बोलायची तशीच लिहायची. पूर्ण वाक्य, शेवटी पूर्णविराम. लोकांना मौज वाटायची. मी संजयची आई, हे त्यांना ठाऊक होतं. खोलीचा एक कारभारी असे. तो कुणालाही बाहेर काढू शके. आमच्या खोलीचे कारभारी 'सह्याद्री' नावानं बसत. ते न्यू जर्सीतच, तुमच्या बाबाच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहायचे. बाबाची त्यांची ओळख आधी झाली होती आणि त्यांनीच त्याला ही खोली दाखवली होती. माणूस मदतीचा, हे मी आधीच लिहून ठेवते. बाबाकडे गाडी नव्हती. ते त्याला रोज ऑफिसला आपल्या गाडीतून न्यायचे. शनिवारी घरी जेवायला बोलवायचे. त्याच्या पहिल्या हिवाळ्यात त्याला पिठलं-भात मिळाला तो त्यांच्या घरी.

तिकडे ऑफिसात त्याला सगळे 'संजय के.' म्हणत. के म्हणजे कुलकर्णी असणार, असं सह्याद्रींनी धरून चाललं होतं. बाबा खोटं बोलला नव्हता. त्याला विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. चार महिन्यांत त्या न सांगण्यावर गाडी, शनिवार आणि ओळखीचे दहा लोक उभे राहिले होते. गाडी, जेवण, 'संजय के.' हे मला ठाऊक होतं. कुलकर्णी ठाऊक नव्हतं.

मार्चमधली एक सकाळ. खाली हळद पॉलिश करायचा ड्रम फिरत होता, त्यामुळे माडीची फळी थरथरत होती. सह्याद्रींनी लिहिलं, "बाई, तुमचं मराठी वाचलं की आमच्या आजीची आठवण येते. किती शुद्ध! एक विचारू? कुलकर्णी म्हणजे तुम्ही देशस्थ की कऱ्हाडे?"

मी ते दोनदा वाचलं. तेवढ्यात कोपऱ्यात छोटी खिडकी उघडली. खोलीतल्या इतरांना न दिसता दोघांनाच बोलता यावं अशी ती सोय होती. त्यात बाबाचं वाक्य आलं.

"आई, देशस्थ म्हण आणि सोड. प्लीज. मग सांगतो."

आप्पा माझ्या पडद्याकडे बघत होते. त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "ह्यो काय चेकपोस्ट हाय व्हय, बाई? वळखपत्र मागाय लागलाय."

मी हात मांडीवर ठेवून बसले. एक शब्द लिहायचा होता. बाबाची गाडी वाचणार होती, शनिवारचं जेवण वाचणार होतं. थंडीत एकट्या असलेल्या मुलानं आईकडे मागितलेली ती एवढीच गोष्ट होती. आणि माझ्या डोळ्यांसमोर मात्र आत्याच्या घरामागं उभी राहून घोकणारी मुलगी. इतकी वर्षं मी जे घोकलं त्याचं बक्षीस हे, की मला दुसऱ्या कुणाची तरी आजी समजावं. मी शब्द शिकले होते ते कुणाच्या मागं लपण्यासाठी नव्हे, असं मला वाटत होतं. पण मी लपलेच तर होते. मुलानंही ते माझ्याकडूनच उचललं होतं. हे त्या क्षणी कळलं आणि मला भयंकर राग आला. पहिला राग माझा मलाच.

मी लिहिलं, "दोन्ही नाही. के म्हणजे कांबळे. आम्ही बौद्ध आहोत. माझे वडील रेल्वेत गँगमन होते." आणि पूर्णविराम दिला.

खालचा ड्रम फिरतच होता.  मग कुणीतरी "ओके" लिहिलं. मग सह्याद्री. "अरे वा, छानच की! आम्ही इथे असलं काही मानत नाही." आणि लगेच पुढं, "पण भाषेवरून अजिबात वाटत नाही हं तुमच्या."

मी लिहिलं, "काय वाटायला हवं होतं?"



मी लिहिलं, "मानत नाही, तर विचारलंत कशाला?"

पडदा एकदा लुकलुकला आणि एक ओळ उमटली. बाई यांना सह्याद्री यांनी बाहेर काढले आहे. कारण : विषयांतर.

विषय त्यांनीच काढला होता, हे तुम्ही ध्यानात घ्या.

मी वही उघडली. तिरकी रेघ, जॉइन, खोलीचं नाव. आत गेले. पुन्हा बाहेर. पुन्हा वही न बघता आत. आप्पा खुर्चीत पुढं सरकून बसले होते. "घुसा, बाई! पोस्ट सोडायची न्हाई!" सहा वेळा काढलं, सहा वेळा मी आत गेले. दर वेळी तेवढ्यात एकच वाक्य लिहून होत असे, आणि मी तेच लिहीत होते : "प्रश्नाचं उत्तर द्या." सातव्या वेळी दार उघडेना. मला बंदी घातली होती. मग आप्पांनी आपल्या संगणकावरून प्रयत्न केला, त्यांनाही घेईना. सुजातानं येऊन पाहिलं. चारही संगणकांची लाइन एकच, इंटरनेटवरचा पत्ता एकच, म्हणून बंदी साऱ्या क्लासला लागली होती.

"माझ्यामुळे तुझा क्लास बंद झाला गं," मी म्हटलं.

सुजाता शांतपणे म्हणाली, "बाई, फोन ठेवून परत लावला की पत्ता बदलतो. रोज नवा मिळतो. कितीदा अडवतील? दमतील." तिनं लाइन तोडली, परत लावली. मोडेम खरखरला, शिट्टी मारली, आणि आम्ही पुन्हा आत होतो. ती त्या दिवशी माझ्यासारखीच चिडली होती. तिनं ते फक्त दाखवलं नाही.

चार दिवस आम्ही हेच केलं. पाचव्या दिवशी आप्पाच म्हणाले, "बाई, दुसऱ्याच्या दारात किती दिस हुबं ऱ्हायाचं? आपली खोली काढू की." आणि निघते हो खोली, अगदी सहज. जो पहिला शिरेल तो कारभारी. आप्पा पहिले शिरले. नाव दिलं 'हाय', तेच कडब्याचं स्पेलिंग. लोक नमस्कार समजून यायचे आणि आप्पा त्यांना अर्थ समजावून सांगायचे. नियम एकच होता, आडनाव कुणी कुणाला विचारायचं नाही, ज्याला सांगावंसं वाटेल त्यानं सांगावं. जुन्या खोलीतून नागपूरची एक डॉक्टर आली. लंडनचा तो स्पेलिंगवाला आला. आल्या आल्या म्हणाला, "मी जोशी. न विचारता सांगतोय, चालेल ना?" आप्पांनी उत्तर दिलं, "बसा, जोशीबुवा. कडबा खानार का?"

उजवीकडच्या नावांच्या यादीत मी रोज एकच नाव शोधत होते. ते नव्हतं.

अकरा दिवस तुमचा बाबा आला नाही. रविवारचा फोनही उचलला नाही. तुमचे आजोबा एसटी डेपोत कारकून होते आणि घरात मोजकंच बोलायचे. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "तुला पेन खिशात ठेवता येत नाही. पोरगं तिथं एकटं आहे, हे तरी बघायचं होतंस."  ते बरोबर होतं. सातव्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "मी असतो तरी देशस्थ म्हटलं नसतं." हेही बरोबर होतं. दोन्ही खरं असताना ताटातला घास गिळणं कठीण जातं. ते मी त्या आठवड्यात शिकले.

बाराव्या सकाळी यादीत नाव दिसलं. मी लिहिलं, "संजय?"  मग,

"आई, मी गाडी शिकतोय."

एवढंच. बाकीचं मला हळूहळू समजलं. सह्याद्री त्याला कधीच वाईट बोलले नाहीत. त्यांची गाडी आधी उशिरा येऊ लागली. मग त्यांच्या ऑफिसची वेळ बदलली. मग शनिवारी त्यांच्याकडे पाहुणे असायचे. तुमचा बाबा बर्फातून चालत बसच्या थांब्यापर्यंत जात होता. मी माडीवर बसून कळा बडवल्या, आणि पाय त्याचे गारठले. मी त्याला लिहिलं, "रागावला आहेस?" त्यानं लिहिलं, "होतो. आता गाडी मागे घ्यायची परीक्षा आहे, वेळ नाही." आणि मग थोड्या वेळानं, "ऑफिसात दारावरची पाटी बदलून घेतली. के.च्या जागी पूर्ण."

मी वखारीच्या जिन्यावर जाऊन रडले. सुजाता पाणी घेऊन आली. मी तिला म्हटलं, हळद गेली डोळ्यांत. ती म्हणाली, "हो बाई, या दिवसांत जातेच."

लोक मला म्हणतात, हे सगळं कशाला उकरायचं, मुलं परदेशात वाढली, त्यांना कुठं असलं काही असतं. तर मैत्रेयी, तुला विचारलं ना मंडळात? मग आहे. प्रश्न बोटीनं गेला, विमानानं गेला, तारेतून गेला, सगळीकडं आपल्याआधी जाऊन बसला. त्याला भाषेच्या शुद्धतेनं फसवता येतं. मी फसवून पाहिलंय. तेव्हा तुझ्या जागी दुसरंच कुणी बसलेलं असतं आणि त्याला जेवायला बोलावलं जातं.

मी केलं ते पुन्हा करीन. आज, याच क्षणी, त्याच पूर्णविरामासह. फक्त आधी बाबाला विचारीन, हे त्याला मी कबूल केलं आहे. हा मजकूर त्याला आधी पाठवला होता. त्यानं एकच दुरुस्ती केली. मी लिहिलं होतं की थांब्यापर्यंत अर्धा तास लागायचा. तो म्हणाला, "पन्नास मिनिटं, आई. लिहायचं तर नीट लिही." म्हणून ती वेळ इथं स्वतंत्रपणे नोंदवते. पन्नास मिनिटं.

तेव्हा मैत्रेयी, सांगितलं की काय होतं, तर हे होतं. काही माणसं मागं राहतात, काही नवी येऊन बसतात, आणि काही दिवस चालावं लागतं. त्यानं कुणी मरत नाही. न सांगता राहिल्यानं मात्र माणूस रोज थोडा थोडा पुसला जातो, आणि पुसतो तोही आपणच. आनंद, तुलाही कधीतरी विचारतील. तू तोंड वर करून सांग. इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल.

ती खोली कधीच बंद झाली. ज्या प्रोग्रामवर ती होती तो आता कुणी वापरत नाही म्हणतात. सुजाताच्या माडीवर आता पडदे शिवतात. आप्पा गेले, त्याला बारा वर्षं झाली. तुमच्या दारातल्या टपालपेटीवर तुमच्या बाबानं स्वतःच्या हातानं रंगवलेलं नाव आहे, कांबळे, वर मराठीत आणि खाली इंग्रजीत. ते आहे.